ताऱ्याच्या अंगचं पाणी

कात्रजचा बोगदा मागे पडला तरी गाडीत फक्त नलावडेच बोलत होते. गाडीही तेच चालवत होते. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी करून ते निवृत्त झाले होते आणि आता तबला हेच त्यांचं काम होतं. शेजारी सर दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरचा रस्ता बघत होते. मागे मी, मला खेटून पेटी आणि पेटीवर सरांचं इस्त्री केलेलं उपरणं.

“एसटीत पाटी असते, चालकाशी बोलू नये म्हणून,” नलावडे आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. “आज तुम्ही दोघांनी ती फारच मनावर घेतली. बुवांचं मौन आहे, ते कळतं. ताई, तुमचं कसलं?”

मी हसल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सरांचं मौन दरवर्षीचं होतं. डॉ. त्र्यंबक विद्वांस हे नाव परक्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या हवेचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये सगळीकडे ओळखीचं. पण भोरच्या पुढे, नीरेच्या काठी, कुडवळे नावाच्या त्यांच्या गावात ते फक्त ‘बुवा’ होते. वडील नारदीय कीर्तनकार. वडील गेल्यावर नृसिंह जयंतीच्या कीर्तनाची सेवा सरांनी चालवली, अठ्ठावीस वर्षं, एकही न चुकवता. त्या दिवशी सकाळच्या स्नानापासून गादीवर उभं राहीपर्यंत ते बोलत नसत. गादीवर जे बोलायचं ते दिवसभर तोंडात सांभाळून न्यायचं, अशी वडिलांची शिस्त.

मी त्यांची पीएच.डी.ची शेवटची विद्यार्थिनी. त्यांच्या खोलीत कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पेटी असे. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी मला आधी यमन वाजवायला सांगितला आणि मग गणित घातलं. गणितात मी अडखळले; यमनावर आत घेतलं, असं ते पुढे सगळ्यांना सांगत. कीर्तनावर माझा लहानपणापासून जीव. बुवा उभे राहिले आणि पहिली झांज वाजली की मला अजूनही डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे सरांच्या मागे पेटीवर बसायला मिळणं ही मला डिग्रीपेक्षा मोठी गोष्ट वाटे. पेटीवरचा माझा हात त्यांनीच घासून तयार केला. साथीचा एकच नियम सांगितला होता: बुवा सुरातून ढळले तर त्यांच्याकडे बघायचं नाही, आपण खरा सूर धरून बसायचं, ते आपोआप परत येतात.

त्या वर्षी माझं चौथं वर्ष होतं. सर महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. आणि आम्हाला एका ग्रहावर पाण्याची वाफ सापडली होती.

ग्रह पृथ्वीपेक्षा थोडा मोठा, एका लहान लालसर ताऱ्याभोवती फिरणारा. इतक्या लहान ग्रहावर हवेतलं पाणी तेव्हा कोणी दाखवलं नव्हतं. परदेशातल्या एका डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीच्या आम्हाला तीन रात्री मिळाल्या होत्या. तिन्ही रात्री तो ग्रह ताऱ्यासमोरून गेला, तिन्ही रात्री आम्ही ताऱ्याचा प्रकाश मोजला. आमचा शोधनिबंध मंजूर झाला होता. सोमवारी संस्थेत पत्रकार येणार होते. जर्मनीतून मला एका फेलोशिपचं पत्र आलं होतं आणि त्यात या निबंधाचं अभिनंदन पहिल्याच ओळीत होतं. कुडवळ्याच्या लोकांना सरांनी आदल्या वर्षी गादीवरूनच शब्द दिला होता, की काही सापडलं तर आधी नृसिंहाला सांगेन, मग पेपरवाल्यांना. आज शुक्रवार होता.

आणि काल, गुरुवारी दुपारी, निबंधाच्या शेवटी जोडायचे तक्ते तपासताना माझ्या लक्षात आलं की मी चुकले आहे.

दुसऱ्या रात्री ग्रह ताऱ्यासमोर असताना वीस मिनिटं प्रकाश किंचित वाढला होता. आलेखात एक छोटासा उंचवटा. त्या रात्रीच्या नोंदवहीत ‘विरळ ढग’ असं लिहिलेलं होतं. वेळ जुळत होती. ज्या शेजारच्या ताऱ्याशी आपण तुलना करतो त्याच्यावर ढग आला, की आपला तारा उगाच उजळ भासतो. असं होतं कधीकधी. मी ती वीस मिनिटं काढून टाकली आणि तळटीपही लिहिली. सरांनी विचारलं तेव्हा ढग होते असं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पण नोंदवहीतल्या वेळा तिथल्या घड्याळाच्या होत्या आणि आमच्या मोजमापाच्या वेळा जागतिक घड्याळाच्या. मी त्या एकच धरल्या होत्या. ढग आले ते चार तासांनंतर. ग्रह ताऱ्यासमोर असताना आभाळ अगदी निरभ्र होतं.

मग उंचवटा कसला? ताऱ्यावर एक काळा डाग होता. ग्रह त्या डागावरून सरकला, म्हणजे आधीच अंधारी असलेली जागा त्यानं झाकली, म्हणून प्रकाश थोडा वाढलेला दिसला. आणि एक डाग आहे तिथं न दिसणारे आणखीही असणार. लहान लाल ताऱ्यांचे डाग इतके थंड असतात की त्यांच्यात पाण्याची वाफ टिकते. मी ते डाग हिशेबात धरून सगळं पुन्हा करून पाहिलं. दोनदा पाहिलं. ग्रहावरचं पाणी दोन्ही वेळा नाहीसं झालं.

हे सगळं मनात घेऊन मी सरांच्या मागच्या सीटवर बसले होते. दोन तासांचा रस्ता होता. त्यांना ऐकू येत होतं. मौन त्यांचं होतं, माझं नव्हतं.

कुडवळ्यात आम्ही सरांच्या थोरल्या बहिणीकडे, गोदाक्कांकडे उतरलो. आक्का साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, तोंडानं फटकळ. जन्मकाळापर्यंत सगळ्यांचा उपास. तरी त्यांनी मला आणि नलावड्यांना शेंगदाण्याचे लाडू आणि ताक दिलंच. पोटात काही नसलं की पेटी रडकी वाजते, असं त्यांचं म्हणणं. सर मागच्या पडवीत जाऊन बसले.

“बघ कसा बसलाय,” आक्का म्हणाल्या. “लहानपणी शाळेत मास्तर विचारायचे तरी तोंड उघडायचा नाही. एरवी अजूनही कान धरीन मी त्याचा. पण गादीवर उभा राहिला की मीच त्याच्या पाया पडते.”

“तुम्ही मोठ्या असून?” मी विचारलं. दरवर्षी मी ते बघत होते, पण विचारलं कधी नव्हतं.

“तिथं तो आमचा तिंबू नसतो गं. नारदाची गादी ती. तिथून खोटा शब्द जायचा नाही म्हणून तर ऐंशी वर्षांचं माणूससुद्धा वाकतं.”

मी लाडू तसाच ठेवला. लॅपटॉप घेतला आणि पडवीत गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. सर चिपळ्या मांडीवर ठेवून डोळे मिटून बसले होते. पाऊल वाजलं तसे त्यांनी डोळे उघडले, हसले आणि पोथीत खुणेला घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर धरला. तो आमचाच आलेख होता. पाण्याच्या जागी पडलेला खळगा, त्याला मी दिलेला निळा रंग, आणि समासात पेन्सिलनं त्यांच्या वडिलांच्या एका पदाची ओळ: ‘उंबऱ्यावर देव उभा, दिवस नाही, रात नाही.’ आख्यानाच्या शेवटी हे दोन्ही ते एकत्र आणणार होते. निळ्या खळग्यावर बोट ठेवून त्यांनी ते बोट माझ्याकडे वळवलं. तुझं, असं त्यांना म्हणायचं होतं.

मी लॅपटॉप उघडलाच नाही. पेटी लावून घेते म्हणून निघून आले.

साडेचारला कीर्तन सुरू झालं. देऊळ लहान, पण सभामंडप भरून माणसं पायऱ्यांवर बसली होती. सर धोतर, अंगरखा, पगडी, गळ्यात उपरणं अशा वेषात उभे राहिले आणि दिवसातला त्यांचा पहिला शब्द आला तो नमनाचा. मी काळी दोनचा सूर दिला. नलावड्यांचा हात पडला आणि त्या पहिल्या अर्ध्या तासात मी खरोखर सगळं विसरले. देवाच्या दारात असं होतं माझं. त्यात शहाणपण काही नाही.

पूर्वरंगात त्यांनी आमचंच काम सांगितलं, पण असं, की मलाही नवं वाटावं. समई लांब, तिकडे नदीच्या पलीकडे ठेवलीय असं समजा. तिच्यासमोरून मोहरीचा एक दाणा सरकला. दाणा आपल्याला दिसत नाही, पण ज्योत केसभर मंद होते. आता त्या दाण्याला दवाचं पातळ अस्तर असेल, तर ज्योतीचा थोडा उजेड त्या अस्तरातून गाळून आपल्यापर्यंत येईल. गाळताना प्रत्येक वायू आपल्या आवडीचे रंग खाऊन टाकतो.

“पंगतीत कोण जेवायला आलं नाही हे कसं कळतं?” सरांनी विचारलं. “रिकाम्या पानावरून. आपण उजेडाची पंगत बघायची. कुठलं पान रिकामं आहे ते बघायचं. त्यावरून तिथं कुठली हवा आहे ते ओळखायचं.”

मंडपात हलकं हसू पसरलं. मग सर थोडे पुढे आले आणि आवाज खाली आणला. हा गाळून येणारा उजेड ग्रहाच्या फक्त कडेचा असतो. त्या ग्रहाची एक बाजू सतत ताऱ्याकडे, दुसरी सतत अंधारात. कडेला दोन्हींच्या मधली जागा. तिथं दिवस नाही, रात्र नाही. कायमची तिन्हीसांज. आणि आपला देव कधी प्रकटला? दिवस नाही, रात्र नाही. कुठे? आत नाही, बाहेर नाही. माणूस ज्याला मधली जागा म्हणून सोडून देतो, तिथूनच काही कळायचं असेल तर कळतं.

“वाह, बुवा,” नलावडे म्हणाले. पदाची ओळ सुरू झाली आणि माझी बोटं पट्ट्यांवर चालत राहिली. समोर पहिल्या रांगेत आक्का बसल्या होत्या. त्यांच्या मागे दोनशे माणसं शब्द पुरा होण्याची वाट बघत होती.

मध्यंतर झालं. देवळाचा पुजारी सरांना हार घालून लोकांना बुक्का लावत फिरला. साथीदारांना मात्र सर स्वतः बुक्का लावत. तोही वडिलांचा शिरस्ता. नलावड्यांना लावून ते माझ्यासमोर वाकले. इतक्या जवळून फक्त मलाच त्यांचं बोलणं ऐकू आलं असतं आणि त्यांना माझं.

“सर, दुसऱ्या रात्री ग्रह समोर असताना ढग नव्हते.”

त्यांचं बोट माझ्या कपाळापाशी थांबलं. “नोंद होती ना?”

“वेळ मी चुकीची वाचली. तिथल्या घड्याळाची होती. तो उंचवटा डागाचा आहे.”

“ताऱ्यावरचा?”

“हो. डाग धरले की ग्रहावर पाणी उरत नाही. दोनदा करून पाहिलं.”

“केव्हा कळलं?”

“काल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोजमापाच्या आकड्यांकडे ते जसे बघायचे, काही वगळायचं नाही अशा नजरेनं, तसंच बघितलं. मग बुक्क्याचा ठिपका माझ्या कपाळावर टेकवला.

“पट्टी तीच ठेव,” ते म्हणाले आणि गादीवर परत गेले.

उत्तररंगात प्रल्हादाचं आख्यान. बापानं मागितलेला वर, बापाचा राग, डोंगरावरून ढकललं, आगीत बसवलं. दरवर्षीचंच, पण त्या दिवशी सरांच्या आवाजात घाई नव्हती. ऊन मंडपाच्या खांबांवर चढत चाललं होतं. सूर्यास्ताला जन्मकाळ, तेव्हा पडदा दूर व्हायचा, गुलाल उधळायचा, आणि त्याआधी आख्यान नेमक्या जागी आणून सोडायचं. सर त्या बाबतीत कधी मिनिटानंही चुकले नव्हते. हिरण्यकशिपू खांबासमोर आला, सांग तुझा देव या खांबात आहे का असं त्यानं विचारलं, आणि तिथं सर थांबले.

“प्रल्हादानं जे आहे ते सांगितलं,” ते म्हणाले. “मला तुम्हाला एक सांगायचंय. गेल्या वर्षी शब्द दिला होता.”

नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं, तो आवाज मंडपात ऐकू आला.

सरांनी सांगितलं. एक माणूस होता, त्याला तीन रात्री मिळाल्या, त्याला पाणी दिसलं. इतका आनंद झाला की झोप लागेना. पण दुसऱ्या रात्रीच्या उजेडात एक बारीकसा उंचवटा होता, तो त्याच्या आनंदाच्या आड येत होता. त्यानं घड्याळ बघितलं, त्यात त्याला ढग सापडले, त्यानं उंचवटा पुसून टाकला. घड्याळ भलतंच होतं. ढग नव्हतेच. पाणी होतं, पण ते ताऱ्याच्या अंगचं पाणी होतं. ग्रहावर आहे की नाही, ते कोणालाच ठाऊक नाही.

“तो माणूस मी,” सर म्हणाले. “घड्याळ मी चुकीचं वाचलं. मीच पुसलं.”

माझा हात पट्ट्यांवरून उचलला गेला. सूर तुटला. कीर्तनात पेटी अशी मध्येच गप्प होत नाही. नलावड्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. सरांनी पाहिलं नाही. मी उठून बोलू शकले असते. ते घड्याळ मी वाचलं, ही एवढीच चार शब्दांची गोष्ट होती. मी बोट पुन्हा षड्जावर ठेवलं आणि भाता दाबला.

पायऱ्यांवरून एक म्हातारबाबा म्हणाले, “म्हणजे बुवा, पाणी नाहीच का?”

“माहीत नाही,” सर म्हणाले. “बघत राहायला लागेल.”

“बघा मग,” बाबा म्हणाले, जणू विहिरीच्या कामाबद्दल बोलत होते.

कोणीतरी हसलं, सरही हसले, नलावड्यांनी तबल्यावर थाप टाकली, आणि खांब कडाडला. बरोबर सूर्य टेकताना पडदा दूर झाला. गुलालात मला काही दिसेना. लोक रांगेनं येऊन सरांच्या पाया पडत होते. आक्का आल्या, पदर सावरून वाकल्या, त्यांनी डोकं टेकलं. सरांनी नेहमीसारखा त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. हात तसाच अर्ध्यात राहिला. गर्दी होती, मला वाटलं गर्दीमुळे.

परतताना सर बोलले, पण कामापुरतं. सोमवारचा कार्यक्रम रद्द करायचं पत्र ते लिहितील, मी नवा आलेख तयार करावा. निबंध मागे घेतल्याच्या पत्रात ‘आमच्याकडून चूक झाली’ एवढंच असेल.

नलावडे पेट्रोल भरायला उतरले तेव्हा मी धीर केला. “सर, ते घड्याळ तुम्ही नव्हतं वाचलं.”

“निबंधात तळटीप आहे ढगांची. तिच्याखाली माझीही सही आहे,” ते म्हणाले.

“पण वाचलं मी होतं.”

त्यांनी मांडीवरच्या उपरण्याची घडी केली. मग म्हणाले, “तुला अजून तीस वर्षं काम करायचंय. माझे तीस दिवसही राहिले नाहीत. झोप आता.”

मी झोपले नाही, पण गप्प बसले. फेलोशिप टिकली. जर्मनीतल्यांनी लिहिलं की आपल्या गुरूंचा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. ते पत्र मी सरांना दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी सरांनी कुडवळ्याला कळवलं की घसा बसतो, डॉक्टरांनी गायला मनाई केलीय. गावानं दुसरे बुवा बोलावले. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी तिकडून फोन करायची तेव्हा ते ताऱ्यांवरच्या डागांबद्दल विचारायचे. मी त्यांच्यावरच काम करत होते. आजही करते; ग्रहाकडे जायच्या आधी ताऱ्याचे डाग मोजायची माझी पद्धत आता बरेच जण वापरतात. मी परत आले, नोकरीला लागले, एका बाईंकडे रीतसर कीर्तन शिकले, दोन-चार देवळांत उभीही राहिले. सरांच्या घशाचं मला वाईट वाटे. निबंध बुडाल्याचा धक्का घशात उतरला असावा, असं मी धरून चालले होते. पुन्हा एकदा मीच एक नोंद वाचली होती आणि तीही चुकीची.

अकराव्या वर्षी चैत्रात आक्कांचा फोन आला. ठरलेले बुवा आजारी पडलेत, गावाला कोणी मिळत नाही, तू उभी राहा.

मी म्हटलं, माझी काय योग्यता. आणि सरांचा घसा अजून सुधारला नाही का?

“घशाला काय धाड भरलीय,” आक्का म्हणाल्या. “रोज पहाटे गातो. खणखणीत. मी त्याला गेल्या वर्षी कोपऱ्यात घेतलं, खरं सांग म्हटलं. तर म्हणाला, आक्का, गादीवरून एकदा खोटं बोललो. आता तिथं पाय ठेववत नाही.”

माझ्या हातातला फोन गरम झाला होता.

“काय खोटं बोलला ते काही सांगेना,” आक्का म्हणाल्या. “तुला ठाऊक आहे का काही?”

“येते मी,” मी म्हटलं. “आणि आक्का, पेटीवर सरांना बसायला सांगा.”

नृसिंह जयंतीला सकाळपासून मी बोलले नाही. देवळाला नवा रंग दिला होता, पायऱ्यांवरचे म्हातारबाबा नव्हते. नलावड्यांचे केस पार पांढरे झाले होते. सर एकाहत्तरचे, त्यांनी पेटी पुढे ओढली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता सूर दिला. माझे दोन विद्यार्थी पुण्याहून मुद्दाम आले होते, ते खांबाला टेकून बसले होते. त्यांना मी रोज सांगायची की पुसण्याआधी विचारा. का सांगते, ते कधी सांगितलं नव्हतं.

मी आख्यान खांबापर्यंत आणलं आणि तिथं थांबले.

“अकरा वर्षांपूर्वी इथंच तुम्हाला एका ग्रहावरच्या पाण्याची गोष्ट सांगितली होती,” मी म्हटलं. “त्यात एक शब्द चुकला होता. घड्याळ बुवांनी वाचलं नव्हतं. ते मी वाचलं. उंचवटा मी पुसला. चूक मला आदल्या दिवशी कळली होती, तरी कीर्तनाच्या मध्यंतरापर्यंत मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ते अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं.”

मागे पेटी थांबली.

मी वळले नाही. तबला एकटाच ठेका धरून चालला होता. नलावड्यांनी तो इतका हळू केला होता की घड्याळ टिकटिकल्यासारखा वाटावा. पुढच्या रांगेत आक्का माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. माझा एक विद्यार्थी मान खाली घालून बसला होता. पुढचा शब्द काय ते मला आठवेना. आणि मग खालून षड्ज आला. न थरथरता, भरलेला. मी त्याच्यावर उभी राहिले आणि पदाची ओळ उचलली: उंबऱ्यावर देव उभा.

पडदा दूर झाला. गुलाल उडाला. लोक येऊ लागले, पाया पडून पन्ह्याच्या प्रसादाकडे वळू लागले. त्या रांगेत सर होते. ते वाकू लागले तशी मी मागे सरायला गेले, पण आक्कांनी असे डोळे वटारले की पाय जागीच राहिले. गुडघ्यावर हात देत ते वाकले, त्यांनी डोकं टेकलं. उठताना माझ्या कोपराचा आधार घेतला. चष्म्यावर गुलाल बसला होता, त्यामागचे डोळे मला दिसत नव्हते.

“पुढच्या वर्षी पेटीला येशील?” त्यांनी विचारलं.

आक्कांनी पदर तोंडाला लावला.

“येईन,” मी म्हटलं. “पट्टी?”

“तीच,” सर म्हणाले.